घंटा वाजली की उतरायचं कुणी

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी, ऐन लग्नाच्या दिवशी, फोटोवाला आमच्या चिमणाला म्हणाला, "ते कडेचे काका, जरा तिरके उभे राहा ना. तुम्ही दिसलात की आजी दिसत नाहीत."

सगळा हॉल हसला. चिमणा तिरका झाला. फोटोवाल्यानं डोळा कॅमेऱ्याला लावला, मग मान बाहेर काढून म्हणाला, "नको, सरळच बरे होतात."

पुन्हा हशा. सगळ्यांत मोठ्यानं चिमणाच हसला. आई मात्र चिडली. "तुझा कॅमेरा लहान आहे, त्याला आम्ही काय करणार?" ती म्हणाली. "मोठा आणायचा होतास."

चिमणा माझा धाकटा भाऊ, आणि आम्ही सगळे एकाच घरात राहायचो. कागदोपत्री नाव वेगळं, पण त्या नावानं त्याला कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. तो जन्मला तेव्हा मूठभर हाडं होती नुसती. माझ्या पाठचा आणि त्याच्या आधीचा एक भाऊ असाच अशक्त निघाला आणि वर्षाच्या आत गेला होता. त्यामुळे हा चिमणीएवढं खायला लागला तसा आईनं त्याचा चिमणा केला आणि चमचा हातात धरला. तो चमचा तिनं पुढं कधी खाली ठेवला नाही. आमच्या घरात तब्येत या शब्दाला एकच अर्थ होता. 'चिमणाची तब्येत झाली' म्हणजे चिमणा जाड झाला. हे आई शेजारीपाजारी सांगून यायची, जसं कुणी मुलगा पास झाल्याचं सांगतं.

तो एका आठ मजली इमारतीत लिफ्टमन होता. सगळ्या मजल्यांवर कचेऱ्या. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, पितळी दांड्याची. दांडा उजवीकडे केला की वर, डावीकडे केला की खाली. कोपऱ्यात त्याचं स्टूल. तिथं बसून तो दिवसभर माणसं वरखाली न्यायचा आणि कोण कुठं उतरणार हे न विचारता लिफ्ट थांबवायचा. कुणी त्याच्या पोटावरून बोललंच तर म्हणायचा, "माझं एकट्याचं काय घेऊन बसलात? मी सकाळपासून सगळ्यांचं वजन उचलतोय." लोक हसत उतरायचे. एवढ्यावर तो खूष असायचा. माणसं हसत उतरली पाहिजेत, ही त्याच्या कामाची पावती.

लग्नानंतर दोन-तीन महिन्यांत जुनी लिफ्ट काढली आणि नवी बसवली. पोलादी दारं, भिंतीवर गोल बटणं, आत मोठा आरसा. दांडा नाही. इमारतीच्या मॅनेजरनं चिमणाला ठेवून घेतलं, कारण वरच्या कचेऱ्यांतल्या जुन्या माणसांना बटणांची भीती वाटत होती. म्हणजे दांडा धरायचा तो हात आता बटण दाबू लागला, इतकंच.

एक दिवस तो डबा विसरून गेला म्हणून मी नेऊन दिला. मला म्हणाला, "बस अक्का, वर नेऊन आणतो." मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, म्हणून दाराजवळची पाटी त्यानंच वाचून दाखवली. आठ माणसं, असं लिहिलं होतं. तळमजल्यावर माणसं चढत गेली. सातवा माणूस आत आला आणि कुठंतरी डोक्यावर घंटा वाजायला लागली. दार मिटेना.

"शेवटी आलेल्यानं उतरायचं असतं," चिमणा हळूच म्हणाला. "नियम आहे तसा."

शेवटी आलेला पोरगेलासा कारकून होता, माझ्यासारखाच सुकलेला. तो उतरला नाही. तो चिमणाकडे बघत राहिला. मग बाकीचेही बघायला लागले. आरसा असल्यामुळे ते सगळे दुप्पट दिसत होते. घंटा चालूच. शेवटी मीच उतरले, म्हटलं मला कुठं कामाला जायचंय. घंटा थांबली. दार मिटताना चिमणा माझ्याकडे बघून हसला, पण ते हसणं लग्नातलं नव्हतं.

खाली आल्यावर त्यानं मला विचारलं, "अक्का, घंटा वाजते ती नक्की कुणामुळे वाजते गं? तो पोरगा आला म्हणून वाजली. तो आला नसता तर वाजली नसती. मग ते सगळे माझ्याकडे का बघतात?"

"तू सगळ्यांत मोठा दिसतोस म्हणून."

"पण मी तर आधीपासून आत होतो."

 त्याचंही बरोबर होतं आणि त्यांचंही.

महिन्याभरात मॅनेजरनं त्याला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "लोक तक्रारी करतात हो. आठांच्या लिफ्टमध्ये सहाच जातात. वर्ष संपेपर्यंत ही घंटा बंद झाली पाहिजे, नाहीतर मला तुम्हाला मागच्या फाटकावर बसवावं लागेल. आपल्या डॉक्टरला दाखवा तरी."

मागचं फाटक म्हणजे जिथं ट्रक माल उतरवतात ते. तिथं माणूस म्हणून कुणी येत नाही, फक्त खोकी येतात. चिमणाला ती शिक्षाच होती. त्या रात्री तो जेवला, पण ताटाकडे बघून जेवला. एरवी तो जेवताना आमच्याकडे बघायचा.

डॉक्टरकडे आम्ही चौघं गेलो. चिमणा, त्याची बायको, आई आणि मी. आईला नेणार नव्हतो, पण ती चपला घालून दारात आधीच उभी होती. दवाखान्यात नर्सनं कागद पुढं ओढला आणि विचारलं, "ह्यांना जबाबदार कोण?"

आई ताडकन उठली. "मी नाही! मी ह्याला दूध दिलं, लोणी दिलं, अंगाला लागेल असं दिलं. हे असलं थुलथुलीत मी केलेलं नाही. हे हिच्या तळणाचं काम आहे."

"माझ्या हाती आले तेव्हाच दारातून तिरके यायचे हे," भावजय म्हणाली. "आणि तळण कुणाला लागतं? तेल कमी घातलं की कोण म्हणतं, तेलाची विहीर आटली का?"

"अहो, सही कोण करणार ते विचारतेय मी," नर्स म्हणाली.

भावजयीनं सही केली. पुढं कितीतरी दिवस आई म्हणत राहिली, "जबाबदार म्हणून सही हिचीच आहे हो. मी नाही केली."

नर्सनं चिमणाला काट्यावर उभं केलं. तो छताकडे बघत उभा राहिला. आकडा मी इथं सांगत नाही. त्याला आवडलं नसतं.

डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. "खाणं जास्त, हालचाल कमी," त्यानं सांगितलं.

"आमच्यात सगळे एकाच भांड्यातलं खातात," आई म्हणाली. "हिच्याकडे बघा." हिच्याकडे म्हणजे माझ्याकडे. "ही जन्मभर बिस्किटांच्या कारखान्यात होती. तुटकी बिस्किटं कामगारांना मिळायची, ती पिशव्या भरभरून आणायची. ह्यानं खाल्ली, हिनंही खाल्ली. हा असा झाला आणि ही बघा, वाळत घातलेला पंचा."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. "असतं एकेकाचं," तो म्हणाला. मग विचारलं, "घराण्यात आणखी कुणी आहे असं?"

"ह्यांच्या काकांना दोन खुर्च्या लागायच्या," भावजय म्हणाली.

"मग तेही आहे."

"आणि हे दिवसभर स्टुलावर."

"तेही आहे."

"झोपेत घोरतात, मधेच दचकून उठतात."

"तेही असू शकतं."

"म्हणजे झालं कुणामुळे?" आईनं विचारलं.

डॉक्टर पहिल्यांदाच थांबला. "कुणा एकामुळे नाही हो आजी. थोडं थोडं सगळ्यांमुळे."

आई बाहेर पडली ती बडबडतच. "सगळ्यांमुळे म्हणजे कुणामुळेच नाही. चला घरी."

चिमणा नुसता रस्ताभर लोकांची पोटं बघत चालला होता. मी पण बघत होते. जाड माणसं हसत होती, बारीक माणसं खात होती. मला काही मेळ लागेना.

भावजय घरी शिवणकाम करायची. माप घेतलं की माणसाचा स्वभाव कळतो म्हणायची. डॉक्टरकडे जाऊन आल्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, शेजारीण तिच्याकडे बसली होती. आई स्वयंपाकघरात, मी आईजवळ. मधल्या दाराला पडदा. मशीन थांबलं आणि भावजयीचा आवाज आला.

"नाही हो, ह्यांच्यात आता मायाच उरली नाही. होती तेवढी काढून झाली."

"मग आता काय करणार?" शेजारीण.

"काय करणार? जुन्यात काही राम नाही. नवंच बघते आता. जरा ऐसपैस."

आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. ती पडदा बाजूला करून आत गेली ती वाघिणीसारखी. "माया उरली नाही? वीस वर्षं माझ्या मुलाचं खाल्लंस आणि माया उरली नाही? आणि नवा बघतेस? ऐसपैस? ह्याच्यापेक्षा ऐसपैस तुला मिळणार तरी कुठं!"

शेजारीण उठली, पण गेली नाही. असं सोडून कोण जाईल? भावजय आधी बघत राहिली, मग तिला हसू आवरेना, आणि ती हसते म्हणून आई आणखी भडकली. नेमका त्याच वेळी चिमणा दारात आला. त्या दिवशी त्याला लवकर सोडलं होतं.

"बघ रे बाबा," आई म्हणाली, "तुझ्या बायकोची माया संपली. नवा बघणार आहे."

चिमणाचा चेहरा मी अजून विसरले नाही. त्याला ते खरं वाटलं. त्या दिवसांत त्याला काहीही खरं वाटलं असतं.

"अहो, पँटीतली!" भावजय ओरडली. तिनं मशीनवरची खाकी पँट उचलली, उलटी केली आणि आमच्यापुढं धरली. "शिलाईच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात ना, पुढं सोडता यावं म्हणून, त्याला आम्ही माया म्हणतो. ती संपली. आता आणखी सोडायला कापड नाही. म्हणून नवं कापड बघायचं म्हणत होते. पँटीला!"

शेजारीण पोट धरून हसली आणि मगच घरी गेली. मी पण हसले. आई पडलेलं भांडं उचलायला वळली. पण चिमणा हसला नाही. त्यानं पँट हातात घेतली, खिडकीपाशी नेली आणि शिलाईवरून बोट फिरवलं. जुन्या शिलाया उसवल्या होत्या, पण सुईची भोकं राहिली होती. एका रेघेशेजारी दुसरी, तिच्याशेजारी तिसरी, झाडाच्या खोडात असतात तशी.

"हे कधी केलंस?" त्यानं विचारलं.

"दर वर्षी. इस्त्रीला काढायची तेव्हा थोडी सोडायची."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

तो खुर्चीवर बसला. "मला पँट कधी घट्टच झाली नाही गं. लोक बोलायचे तेव्हा मी मनात म्हणायचो, बोलू देत, पँट तर तीच आहे. नोकरीला लागलो तेव्हाची."

"आरसा होता की घरात," आई म्हणाली.

"आरसा तोंडापुरता आहे आई."

"मग हिनंच वाढवलं तुला. आता तरी पटलं?"

"मी कापड वाढवलं," भावजय म्हणाली. आता ती हसत नव्हती. "माणूस तुम्ही वाढवलात."

"मी वाढवला नसता तर तुला मिळाला असता का?"

  आई म्हणाली ते खोटं नव्हतं. चिमणाला आईनं खाऊ घातलं नसतं तर तोही राहिला नसता. पण थांबायचं केव्हा, हे तिला कुणी सांगायला हवं होतं? आणि भावजयीनं मायेपोटी माया सोडली, त्याला गुन्हा म्हणायचं का? मी दोघींच्या मध्ये उभी राहिले आणि एकदा ही बरोबर वाटे, एकदा ती.

चिमणानं पँट बायकोच्या हातात दिली. "नवं कापड नको," तो म्हणाला. "मागची शिलाई परत घाल. मी तिथपर्यंत जातो."

आणि तो खरंच गेला. कसा गेला ते मी बघितलं आहे. त्यानं पानातलं निम्मं काढून ठेवायला सुरुवात केली. आई समोर बसून त्या निम्म्याकडे बघायची, जणू कुणी तिच्या तोंडावर थुंकलं आहे. ती त्याच्या डब्याखाली, कोटाच्या खिशात बिस्किटं लपवायची. संध्याकाळी तो ती काढून मुकाट्यानं फळीवर ठेवायचा.  सकाळी ती पुन्हा खिशात असायची.

लिफ्टमध्ये घंटा वाजली की आता तो कुणाची वाट बघायचा नाही. "चला, मी उतरतो," म्हणायचा. "चौथ्याला चौथं बटण, दिवा लागला की बोट काढा, बास." दार मिटलं की तो जिन्यानं वर निघायचा. सुरुवातीला पहिल्या मजल्यावरच कठड्याला धरून उभा राहायचा, मग दुसऱ्यापर्यंत जायला लागला, मग तिसऱ्या. आधी लोकांना लाज वाटायची. "अहो, राहू द्या काका, आम्ही थांबतो," म्हणायचे. मग त्यांना सवय झाली. सातव्या मजल्यावरच्या एक म्हाताऱ्या बाई बटणांना फार भ्यायच्या. त्यांनाही त्यानं शिकवलं, बोट धरून.

भावजय शिलाई आत घेत गेली. जुन्या भोकांतून सुई पुन्हा जायला लागली.

वर्ष संपायच्या आधी एक दिवस तो मला म्हणाला, "अक्का, उद्या ये. गंमत दाखवतो."

मी गेले. सकाळची गर्दी होती. आम्ही दोघं आत आणि माणसं चढत गेली. पाटीवर जेवढी लिहिली होती तेवढी सगळी चढली. मी वर बघत होते. घंटा वाजली नाही. दार गुमान मिटलं. चिमणानं सगळ्यांवरून नजर फिरवली, घसा साफ केला आणि बटणांकडे हात नेला. "पाचवा ना साहेब?"

त्याच्या हाताखालून एक हात आला आणि पाचवं बटण दाबून गेला. "राहू द्या काका, सवय झाली आता," तो साहेब म्हणाला. मग दुसरा हात आला, मग तिसरा. म्हाताऱ्या बाईंनीही सातवं दाबलं आणि त्याच्याकडे बघून कौतुकाची वाट पाहत हसल्या. "छान," चिमणा म्हणाला. त्याचा हात तसाच वर होता. तो कुठं ठेवावा ते त्याला कळेना, मग त्यानं कॉलर नीट केली.

त्याच दिवशी तो मॅनेजरकडे गेला. मॅनेजर उभा राहिला, हात मिळवला. "कमाल केलीत हो तुम्ही! मी सगळ्यांना तुमचं उदाहरण देतो. पण आता लिफ्टला माणूस लागतो कुठं? सगळे आपलं आपण जातात की. वजनाचा प्रश्नच नाही. तुम्ही असं करा, पहिली तारीख झाली की मागचं फाटक घ्या. बसूनच काम आहे."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे उपाशी राहिलास ते कशाला?" भावजय म्हणाली, "तब्येतीसाठी राहिलेत, नोकरीसाठी नाही." चिमणा म्हणाला, "मी तर लिफ्टसाठी राहिलो होतो." मग तो थोडं हसला. "लोकांना बटणं मीच शिकवली. आता कुणाचं नाव घेणार?"

तो मागच्या फाटकावर बसायला लागला. खोकी यायची, खोकी जायची. खाणं त्यानं वाढवलं नाही, पण आता त्यात इरेला पेटल्यासारखं काही नव्हतं. नुसती भूक नव्हती. तो आणखी उतरत गेला. डॉक्टर खूष होता. काटा बघून म्हणाला, "असंच चालू ठेवा." आई म्हणाली, "सुकला." भावजय शिवता शिवता एकदा मला म्हणाली, "अक्का, आता हे थांबायला हवं ना?" मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतो चांगलं आहे." ती म्हणाली, "मग चांगलंच असेल." मशीन चालू झालं.

तो गेल्यावर भेटायला आलेल्यांतले निम्मे म्हणाले, इतकी वर्षं ते वजन वागवलं, छातीवर ताण येणारच. निम्मे म्हणाले, एकाएकी एवढं उतरवायला नको होतं. काही जण म्हणाले, मागच्या फाटकावर बसवलं तिथंच तो संपला. आई सगळ्यांना हो म्हणत होती. मी पण हो म्हणत होते. मला त्यातलं कुठलंच खोटं वाटत नव्हतं आणि कुठलंच पुरं वाटत नव्हतं. आजही वाटत नाही.

आमच्या घराला लिफ्ट नाही. त्याला तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवायचं होतं आणि जिना अरुंद. त्याच्या कामाच्या इमारतीतून माणसं आली, ट्रकवरचे हमालही आले. वाटेत त्यांनी आणखी दोघांना बोलावून घेतलं होतं, कारण बहुतेकांच्या डोळ्यांपुढं तो लिफ्टमधलाच होता. त्यांनी बाह्या वर सारल्या, वळणावर कुणी मागं राहायचं, कुणी पुढं, ते ठरवलं, आणि उचललं. चौघांनी सहज उचलला. जास्तीचे दोघं तसेच जिन्यावर राहिले. मग तेही खाली निघाले, बाह्या वर केलेल्या, मोकळे हात थोडे पुढं धरून.

माझा भाऊ चिमणा माझ्या धाकट्या मुलीला नोकरी लागली त्या वर्षी, उन्हाळा सुरू व्हायच्या जरा आधी, एका मंगळवारी सकाळी गेला. त्याला पन्नास पुरी व्हायची होती. आई त्यानंतर दोन वर्षं जगली.